चिलीच्या राखणदाराला गाऱ्हाणं

"हे कुणी लिहिलं?" माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवत काकांनी विचारलं.

"मी."

"कधी बोटीवर गेलंस?"

"नाही."

"वाटलंच मना."

पडद्यावर डावीकडे 'गेट' हे इंग्रजी क्रियापद होतं आणि त्याच्यासमोर मी स्पॅनिशमध्ये 'ओब्तेनेर' असं लिहिलं होतं. ओब्तेनेर म्हणजे मिळवणं. पुण्यात तीन वर्षं स्पॅनिशचे वर्ग करून परीक्षेत पहिल्या आलेल्या मला त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. चूक सापडली ती गंजिफ्रॉक आणि चौकड्यांची लुंगी घालून मागच्या पडवीत नारळ सोलता सोलता उठून आलेल्या माझ्या घरमालकांना. त्यांच्या हातात कोयती होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मी तेव्हा कराडहून रत्नागिरीला नवीनच आले होते. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे विद्यार्थी तुम्हाला मॅडम म्हणतात आणि ऑफिसातला शिपाई 'तुम्ही कोण?' म्हणतो. संध्याकाळी मी एका ऑनलाइन शब्दकोशासाठी इंग्रजी वाक्यं स्पॅनिशमध्ये करायचं काम करायचे. पहिलंच काम आलं ते 'गेट'चं. सव्वाशे वाक्यं, आणि प्रत्येकात हा एकच प्राणी वेगळं काहीतरी करत असलेला.

काकांनी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर कुकचं काम केलं होतं. त्यांच्या बहुतेक जहाजांवर निम्मी माणसं चिली, पेरू, इक्वेडोरकडची असायची. कांदा चिरता चिरता आणि रस्सा ढवळता ढवळता काकांनी त्यांची भाषा उचलली. स्पॅनिशचं पुस्तक त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. जे काय लिहायचं ते देवनागरीत लिहायचे, आणि ते इतकं ठसठशीत की माझ्या स्पॅनिशच्या बाईंनीसुद्धा त्यांच्याकडून उच्चार शिकावेत.

घर गावातल्या परटवण्यात होतं, मागे आंब्याच्या कलमांची सहा झाडं, पण काकांच्या लेखी ते जहाजच होतं. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणायचे, ओटीला डेक. सकाळी साडेअकराला आणि संध्याकाळी साडेपाचला पितळी घंटा वाजायची, म्हणजे जेवण. तेव्हा आलात तर आलात, नाहीतर गॅली बंद. घरात दोनच माणसं, ते आणि मी, तरी घंटा वाजायचीच. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी वाजायची. चालायचे ते पाय फाकवून, जणू घर कुठल्याही क्षणी डावीकडे कलंडणार आहे.

कलमांवर माकडं आली की काका ओटीवर उभे राहून त्यांना स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायचे. मी एकदा विचारलं, "मराठीत का नाही देत?"

"मराठीत दिल्या तर शेजारी ऐकतील ना गो! आणि ही माकडं हनुमानाची हायत. त्यांना कळेल असं कसं बोलायचं?"

माकडांना कळत असावं. ती मुकाट्यानं शेजारच्या आवारात जायची.

तर 'गेट'. काकांचं म्हणणं असं, की प्रत्येक जहाजावर एक आळशी खलाशी असतो. दोर ओढायला तोच, रंग लावायला तोच, भांडी विसळायलाही तोच, कारण हाक मारायला तो सोपा असतो. सगळीकडे दिसतो आणि कुठलंच काम धड करत नाही. इंग्रजांनी 'गेट'ला असा नोकरीला ठेवलाय. स्पॅनिश माणसाकडे मात्र कामाला वेगळा माणूस आहे. म्हणून वाक्य समोर आलं की आधी या आळशाला हाकलायचा आणि काम काय होतं ते बघायचं.

त्यासाठी त्यांची एक उलटतपासणी ठरलेली होती. मी वाक्य वाचायचं आणि ते विचारायचे, "कोण होता? हातात काय होतं? आधी कुठं होता, मग कुठं गेला?"

"शी गॉट अँग्री," मी वाचायची.

"राग काय बाजारात मिळतो? पिशवी घेऊन गेली आणि आणला? आधी ती बरी होती, मग डोकं फिरलं. एनोहार्से."

"वी गॉट टू द पोर्ट."

"येगार. पोचलो. बंदर काय आम्हाला कुणी बक्षीस दिलं न्हाय."

"गेट मी अ रोप."

"त्राएर. आण. पण कोण कुणाला सांगतंय? खलाशांचा मुकादम, बोसन, सांगत असला तर एक, आणि पाण्यात पडलेला माणूस सांगत असला तर तो बोलेल कशाला एवढं? तो ओरडेल."

मी म्हटलं, शब्दकोशाला कोण सांगतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. काका माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मी मिठाशिवाय डाळ केली होती.

पण खरा छळ पुढेच होता. वाक्य जमलं तरी ते लगेच पाठवायला काकांची परवानगी नसे. ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे आणि ती चिठ्ठी मागच्या खोलीतल्या अढीत ठेवायचे. आंबा काढला की पेंढ्यात थर लावून पिकत घालतात, ती अढी. आंब्याचा हंगाम नसला तरी काकांच्या लाकडी पेटीत पेंढा भरलेला असायचाच, आणि त्यात माझी वाक्यं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते पेटीपाशी बसून एकेक चिठ्ठी उलटायचे, मोठ्यानं वाचायचे, आणि काही परत पेंढ्याखाली सारायचे.

"हे अजून हिरवं हाय."

"काका, मला शुक्रवारी द्यायचंय."

"मग शुक्रवारी हिरवं दे. मी काय अढी लावली म्हणजे कलेक्टर झालो काय तुझा?"

चौथ्या दिवशी जे वाक्य त्यांच्या जिभेवर अडखळत नाही, ते पिकलं. एकदा मी न सांगता दहा वाक्यं परस्पर पाठवली. माद्रिदच्या संपादकबाईंनी सात परत केली. शेरा होता: बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. नंतर काकांच्या पेंढ्यातली पाठवली, ती सगळी पास झाली, एक सोडून. त्या एका वाक्याखाली बाईंनी लिहिलं होतं, की ही म्हणण्याची पद्धत आपण कोणत्या बंदरात शिकलात ते कृपया कळवावे, कारण ती आमच्याकडे छापता येत नाही. मी तो शेरा काकांना वाचून दाखवला. काका लाजले. सहा फुटी माणूस, मिशी पांढरी, आणि कानापर्यंत लाल झाला.

"व्हाल्पाराइसो," ते म्हणाले. "पण तिला नको कळवूस."

आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मिरकरवाड्याच्या बंदरावरून एक मावशी मासे घेऊन यायची. तिचं आणि काकांचं नातं भांडणाचं होतं. बांगड्याचे डोळे बघून काका म्हणायचे, हा काय परवा मेला की काल? मावशी म्हणायची, तुमच्या बोटीवर बर्फातला खाऊन तुमची जीभ मेली, बांगडा नाही. एवढं झालं की ती ओटीवर बसून पाणी प्यायची आणि मुलाबद्दल बोलायची. महेश तिचा एकुलता एक. नवरा समुद्रात गेलेला. महेशला मच्छीमारीत राहायचं नव्हतं, तेव्हा काकांनीच त्याला हाताशी धरून मुंबईला नेला, कागदपत्रं करून दिली आणि मालवाहू जहाजावर चढवला. त्याचं पहिलं जहाज लागलं तेव्हा मावशीपेक्षा काकांनीच जास्त पेढे वाटले म्हणे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मावशी आली ती टोपलीशिवाय. हातात फक्त फोन. ओटीच्या पायरीवर बसली आणि फोन काकांपुढे धरला. महेश जहाजाच्या फाळक्यातून, माल उतरवायच्या तोंडातून, खाली पडला होता. उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली मोडला होता. जहाज चिलीच्या एका बंदरात होतं, त्याला तिथल्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या सकाळी नऊला मोठं ऑपरेशन होतं. पाय राहील की नाही ते ऑपरेशन झाल्यावरच कळणार होतं.

काका बसले. बसले म्हणजे मागे खुर्ची आहे की नाही हे न बघता बसले. सुदैवानं होती.

"मीच पाठवला त्याला," ते म्हणाले.

"ते नंतर बोला," मावशी म्हणाली. "डॉक्टर चांगले हायत, महेश बोलला मना. डॉक्टरांचं मना काय न्हाय. पण तिथल्या राखणदाराला कुणी सांगितलंय काय?"

मला काही कळलं नाही. मग तिनं मला, देशावरच्या अडाणी बाईला, समजावून सांगितलं. प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो. त्या जागेत काही करायचं झालं, विहीर खणायची, घर बांधायचं, कुणाच्या जिवावर बेतलं, तर आधी त्याला गाऱ्हाणं घालायचं असतं. एकानं गाऱ्हाणं बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. इथं भैरीबुवाला ती सकाळीच नारळ ठेवून आली होती.

"पण भैरीची हद्द केवढी?" ती म्हणाली. "तो इथला मालक. लोकाच्या गावात तो कसा शिरणार? तिथं जो कोण हाय त्याला सांगायला हवं. आणि त्याला मराठी कुठनं येणार?" मग तिनं काकांकडे बघितलं. "तुम्हाला येते ना त्याची भाषा?"

मला हसू येणार होतं. मी काकांकडे बघितलं आणि ते जिरलं.

"बरोबर हाय तुझं," काका म्हणाले. "घालू या गाऱ्हाणं."

गाऱ्हाणं मराठीत मावशी बोलली, तेही ओटीवर बसल्या बसल्या, सरळ. माझ्या लेकराचं दुखणं बरं कर. त्याला पायावर उभा कर. ह्या संकटातून बाहेर काढ. सुखरूप घरी आणून सोड. मी वही घेऊन भराभरा लिहून घेतलं, आणि सवयीनं इंग्रजीत, कारण मराठीतून स्पॅनिशकडे जायचा माझा रस्ता इंग्रजीतूनच जायचा. काकांनी वही बघितली. गेट हिम वेल. गेट हिम ऑन हिज फीट. गेट हिम आउट. गेट हिम होम.

"ह्या आळशाला कशाला बोलावलंस?" ते म्हणाले. "पोराचा जीव टांगलाय आणि तू हा माणूस पाठवतंस कामाला? रत्नागिरीहून जयगडाला जायला मुंबईवरनं जातंस काय तू?"

त्यांनी माझं इंग्रजी आडव्या रेघेनं खोडलं आणि मावशीचं मराठी समोर घेऊन बसले. मी त्यांना इतक्या दिवसांत खूप वेळा असं काम करताना पाहिलं होतं, पण एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. बरं करायला सानार. उभं करायला लेवान्तार. बाहेर काढायला साकार. घरी आणायला त्राएर. चार कामं, चार माणसं. शब्द त्यांना माहीत होते. त्यांना भीती होती ती वेगळीच.

"माझी भाषा गॅलीतली," दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले. अढीची पेटी समोर उघडी होती आणि आतल्या चिठ्ठ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "कांदे कोण सोलणार ह्यावरनं भांडायची भाषा. तिच्यात देवाशी कसं बोलायचं ते मना कुणी शिकवलं न्हाय. मी कप्तानाला बोलायचो तसं बोलू काय? अहो-जाहो करून?"

मी सांगितलं, की ते लोक देवाला एकेरीच हाक मारतात.

काकांचा चेहरा उजळला. "आपल्यासारखंच," ते म्हणाले. "मग तो आपल्यातलाच हाय."

चार दिवस नव्हतेच. संध्याकाळी पाचला आमच्याकडे उजेड असताना तिथली सकाळ साडेआठची होणार होती, आणि नऊला पोराला आत नेणार होते. न पिकलेलं वाक्य काकांनी आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी हाती दिलं ते त्या दिवशी. दुपारभर ते पडवीत येरझारा घालत चारच ओळी म्हणत होते. एकदा मी ऐकलं, की ते नारळाच्या झाडाला 'सेन्योर', म्हणजे महाराज, म्हणून हाक मारतायत.

पाचला काका अंघोळ करून आले ते जहाजावरचा पांढरा कोट घालून, कडक इस्त्रीचा. पाटावर नारळ ठेवला. त्या नारळाला फोन टेकवून उभा केला. दिशेवरून थोडा वाद झाला. मावशीला पूर्व हवी होती, देवाची म्हणून. काकांनी समुद्राकडे तोंड केलं. "इथनं सरळ पाणी धर, आफ्रिका ओलांड, आणखी पाणी, की तिथं चिली. मी गेलोय." मावशीनं पाट समुद्राकडे फिरवला.

फोनवर महेश दिसला. ओठ सुकलेले, डोळे गुंगीनं जड. बाजूला एक गोरटेली, जाडगेली सिस्टर. तिला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की ही माणसं हात जोडून काय करतायत ते तिला समजत नाही. काकांनी तिला आपल्या गॅलीच्या आवाजात दोन वाक्यांत सांगितलं. त्या आवाजात सव्वीस वर्षं वादळात जेवणाची वेळ सांगितलेली होती. सिस्टर दचकून सरळ उभी राहिली.

मग काकांनी डोळे मिटले आणि चिलीच्या राखणदाराला हाक मारली.

आवाज बदलला. मी त्यांना माकडांशी, मावशीशी, माझ्याशी बोलताना ऐकलं होतं. हा आवाज त्यातला कुठलाच नव्हता. ह्या जागेच्या मालका, ते म्हणाले, मी तुझ्या बंदरात जेवण रांधलंय, तुझं पाणी प्यालंय, मना ओळखतोस. हा पोर आमचा हाय. तो तुझ्या घरी पडलाय. त्याला बरं कर.

"व्हय म्हाराजा!" मावशी ओरडली. मीही म्हटलं. पहिल्यांदा लाजत, मग नाही.

त्याला उभा कर. व्हय म्हाराजा! फोनमधून महेशचा क्षीण आवाज आला. तो सिस्टरला काहीतरी सांगत होता, अर्धं हातानं. तिसऱ्या मागण्याला, त्याला ह्यातनं बाहेर काढ म्हटल्याबरोबर, पलीकडून मोठ्यानं आलं, "सी, सेन्योर!" सिस्टर. तिच्यामागून आणखी एक आवाज, म्हाताऱ्या माणसाचा, बहुधा शेजारच्या खाटेवरचा. चौथ्या मागण्याला रत्नागिरीतून दोन बायका आणि चिलीतून अख्खा वॉर्ड एकाच वेळी ओरडला. परटवण्यातली माकडं गप्प झाली. मला हसू आणि रडू दोन्ही फुटलं आणि मी दोन्ही थांबवलं नाही.

गाऱ्हाण्यात शेवटी कबूल करायचं असतं. काका म्हणाले, तुझ्या नावानं नारळ देईन. व्हय म्हाराजा. सी, सेन्योर. चिठ्ठीवर लिहिलेलं तिथं संपलं.

काका थांबले नाहीत. डोळे मिटलेलेच होते. आवाज जरा खाली आला. ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, "आणि मी कुक, ज्यानं ह्याला बोटीवर चढवला, आजपासून मरेपर्यंत मासा तोंडात घालणार न्हाय."

पलीकडे सिस्टर अगदी हळू म्हणाली, "सी, सेन्योर." आणि माझ्या शेजारी, एक अक्षर न कळलेली मावशी, आयुष्यभर मासे विकलेली मावशी, घसा फाडून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. ओघात म्हटलं.

मावशी फोन घेऊन घरी गेल्यावर काकांनी मला बोलावलं. "शेवटचं काय ऐकलंस?"

"नारळाचं."

"त्याच्यापुढं?"

"नीट ऐकू आलं नाही."

"बरं झालं. तिला सांगायचं न्हाय. कबूल केलेलं बोलून दाखवलं तर तिच्यावर उपकार होतात."

त्या संध्याकाळी जेवणाची घंटा वाजलीच नाही. सकाळी मावशीनं निरोप पाठवला. ऑपरेशन झालं, पाय राहिला.

पुढचे तीन महिने म्हणजे काकांची खरी कसोटी. मावशी रोज काहीतरी घेऊन यायला लागली. सुरमई काय, पापलेट काय, एकदा तर शेवंडही, म्हणजे लॉबस्टर. काकांनी पहिल्यांदा डॉक्टरचं नाव सांगितलं, मग युरिक ॲसिडचं, मग दातांचं. मावशी रागवायची, "दात कुठं हायत तुम्हाला, दुखायला?" काका ते मासे घ्यायचे, नीट साफ करायचे, रांधायचे आणि मला वाढायचे. स्वतः समोर बसून डाळभात. कालवणाची चव बघता येत नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात मीठ एक दिवस नाही, एक दिवस दुप्पट. मग ते मला गॅलीत उभी करून चमचा पुढे करायचे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मी कराडची, काट्यांना घाबरणारी. त्या तीन महिन्यांत मी रत्नागिरीकरांसारखी हाताच्या दोन बोटांनी काटा काढायला शिकले. पोट भरायचं आणि मन खट्टू व्हायचं, पण हेही खरं, की खट्टू मनानंसुद्धा पापलेट छान लागतं.

शिमग्याच्या आधी महेश आला. विमानानं मुंबई, मग गाडी, आणि रिक्षातून उतरून आमच्या ओटीच्या चार पायऱ्या स्वतःच्या दोन पायांवर चढला. जरा लंगडत, पण काठी नव्हती. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग मिठी मारली, आणि मग त्याला स्पॅनिशमध्ये एक शिवी दिली, ती मी शब्दकोशाला कळवली नाही.

मागून मावशी आली. हातात टोप, टोपावर झाकण, झाकणावर फडकं.

"आज मी रांधून आणलंय," ती म्हणाली. "आज मना डॉक्टर नको, दात नको. समोर बसून खायचं."

काकांचा चेहरा बघवेना. "अगो, युरिक..." ते म्हणाले.

"झाकण तरी काढा!"

काकांनी झाकण काढलं. आत ओल्या काजूची उसळ होती.

काकांनी आधी टोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"सिस्टरनं सांगितलं, काका," महेश म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. मना एवढी येत न्हाय भाषा, पण ती हातानं मासा करून दाखवायची आणि तोंडावर फुली मारायची. रोज विचारायची, तुमचा तो कुक अजून खात न्हाय ना? मी आयेला फोनवर सांगितलं."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत हाय?" काका मावशीवर ओरडले. "आणि रोज सुरमई आणून माझ्या डोळ्यापुढं नाचवत होतंस?"

"तुम्ही लपवलंत, म्हणून मी पण लपवलं. आणि ही पोरगी खात होती ना, मग मासा फुकट कुठं गेला?" मावशीनं पदरानं डोळे पुसले. "मी तरी कुठं खातंय? त्या दिवसापासून तोंडाला लावला न्हाय. व्हय म्हाराजा कोण बोललं? मी बोललं. समजलं न्हाय म्हणून काय बोललेलं सुटतं?"

"अगो, तू मासे विकतंस!"

"विकायचं कुठं कबूल केलंय?"

काका पळीनं उसळ ढवळायला लागले. महेश ताटं मांडत होता. चौथं ताट माझ्यापुढे ठेवता ठेवता त्याचा हात थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या दिवशी फोनवर आयेच्या बाजूला तुम्ही पण होतात ना? तुम्ही पण बोलत होतात, मी ऐकलं."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी होते. सहाही वेळा म्हटलं होतं. मावशी बिचारी न समजता म्हणाली आणि त्या दिवसापासून पाळत बसली. आणि मी, तीन वर्षं वर्ग केलेली, परीक्षेत पहिली आलेली, काकांचं शेवटचं वाक्य त्या ओटीवर काकांखेरीज फक्त मला समजलं होतं, आणि तरी मी 'व्हय म्हाराजा' म्हणून तीन महिने सुरमई, पापलेट आणि एक शेवंड मिटक्या मारत खाल्लं होतं.

"तिचं सोड," काका घाईघाईनं म्हणाले. "ती देशावरची हाय. राखणदार तिला धरणार न्हाय."

"राखणदार सोडील हो," मावशी म्हणाली, आणि माझ्या ताटात उसळ वाढली.

मी कॉलेज सोडून कराडला आले त्यालाही आता बरेच दिवस झाले. पाहुण्यांकडे, हॉटेलात कुणी ताटात मासा वाढायला आलं, की मी ताटावर हात आडवा धरते. कारण विचारलं तर ॲलर्जी आहे म्हणून सांगते.